आधी फोटो काढ, मग बटण दाब

पोरी, आता चाळीतली माणसं लॅपटॉप घेऊन माझ्याऐवजी तुझं दार वाजवणार, म्हणून हे नीट ऐकून ठेव. लॅमिंग्टन रोडला दुरुस्तीच्या टेबलावर माझी उमर गेली. अपडेटनंतर लॉगिन होत नाही म्हणून येणाऱ्या मशीनमधला डेटा बहुतेक वेळा जागच्या जागी असतो. तो जातो नंतरच्या घाईत. कुणीतरी वैतागून ‘रिसेट’ दाबतं आणि मंडळाचा जमाखर्च, पोराचं प्रोजेक्ट, गेलेल्या आईचे फोटो, सगळं पुसलं जातं. म्हणून पडद्यावर काय आलंय त्याचा आधी मोबाइलवर फोटो काढ. माणसं ‘काहीतरी निळं आलं’ एवढंच सांगतात. त्या निळ्यावर काय लिहिलं होतं, त्यावर पुढचं सगळं ठरतं. आणि चार्जर लावलेलाच असू दे. अपडेटचे टक्के पुढे सरकत असतील तर तासभर लागला तरी पॉवरचं बटण दाबायचं नाही.

पासवर्ड चुकतोय म्हणाले तर लगेच बदलायला जाऊ नकोस. कोपऱ्यात भाषा कोणती दिसते ते बघ. कधी मराठी कीबोर्ड पुढे आलेला असतो, कधी इंग्रजीच असते पण ब्रिटिश. ब्रिटिश मांडणीत शिफ्ट आणि २ दाबलं की ॲटऐवजी अवतरणचिन्ह उमटतं. आपल्याकडे निम्म्या लोकांच्या पासवर्डात ॲट असतोच, मग माणूस बरोबर टाइप करून चुकीचा ठरतो. विंडोजचं बटण आणि स्पेस दाबून भाषा बदल. चौकटीतल्या डोळ्याच्या चिन्हावर दाबलं की टाइप केलेलं दिसतं. ते त्यांनाच बघू दे, तू तोंड फिरव. कॅप्स लॉक, नम लॉक तर बघशीलच.

पिन चालत नसेल तर घाबरवू नकोस कुणाला. पिन फक्त त्या मशीनपुरता असतो, बायोस अपडेट झालं की कधीकधी तो निकामी होतो. ‘साइन-इन ऑप्शन्स’मधून खात्याचा पासवर्ड घालायचा. विंडोज ११ मध्ये ऑगस्ट २०२५ पासूनच्या काही अपडेटांनंतर पासवर्डचं चिन्हच दिसेनासं झालं होतं. जागा मात्र तिथेच होती; माउस फिरवला की सापडायची.

आता खरी कठीण गोष्ट, बिटलॉकर, म्हणजे डिस्कला लागलेलं विंडोजचं कुलूप. निळा पडदा ४८ आकडी किल्ली मागतो, सहा-सहा आकड्यांचे आठ गट. ही किल्ली अंदाजाने लागत नाही आणि जगातला कुठलाही कारागीर ती बनवून देत नाही. ती बहुतेक वेळा असते मायक्रोसॉफ्टच्या खात्यात. दुसऱ्या मोबाइलवरून तिथे लॉगिन करायचं आणि पडद्यावरच्या की-आयडीची पहिली आठ अक्षरं जुळवून किल्ली उतरवायची. पण खातं कुणाचं? कितीतरी लॅपटॉप दुकानदारानेच चालू करून दिलेले असतात, स्वतःच्या ईमेलवर. मग किल्ली त्याच्याकडे पडलेली. अशा वेळी बिल शोधायला लाव आणि त्या दुकानदाराला गाठायला सांग. १९ जुलै २०२४ ला क्राउडस्ट्राइक या सुरक्षा सॉफ्टवेअर कंपनीच्या एका सदोष अपडेटने जगभरची सुमारे ८५ लाख विंडोज मशीनं पाडली, आपल्या विमानतळांवर हाताने बोर्डिंग पास लिहावे लागले. तेव्हाही जिथे बिटलॉकर होतं तिथे दुरुस्तीआधी ही किल्ली लागली. त्यामुळे चांगल्या चालणाऱ्या मशीनचीसुद्धा किल्ली कागदावर लिहून रेशनकार्डाच्या पिशवीत ठेवायला सांग.

लॉगिन झालं पण डेस्कटॉप कोरा, असंही होतं. रडकुंडीला येतात माणसं. विंडोजने तात्पुरतं प्रोफाइल उघडलेलं असतं. फायली सी ड्राइव्हच्या ‘युजर्स’ फोल्डरमध्ये जुन्या नावाखाली असतात. तिथे जाऊन आधी दाखव त्यांना. त्या कोऱ्या डेस्कटॉपवर मात्र काही ठेवायचं नाही, साइन आउट केलं की ते जातं. पेनड्राइव्हवर कॉपी काढ, मग रिस्टार्ट कर. पुष्कळदा तेवढ्यानेच जुनं प्रोफाइल परत येतं.

काहीच जमलं नाही तर लॉगिनच्या पडद्यावर शिफ्ट दाबून धरून रिस्टार्ट कर. ‘ट्रबलशूट’मधून ‘ॲडव्हान्स्ड ऑप्शन्स’मध्ये जा, तिथे शेवटचं अपडेट काढून टाकता येतं. त्याच वाटेवर ‘रिसेट’ही आहे. कॉपी हातात आल्याशिवाय त्याच्याकडे बघायचं नाही, मग समोरचा कितीही घाई करो.

आणि पडद्यावर अचानक फोन नंबर झळकला, ‘कंपनीला कॉल करा’ म्हणाला, तर तो फसवणुकीचा. मायक्रोसॉफ्टच्या एरर मेसेजमध्ये फोन नंबर कधीच नसतो. वयस्क माणसं नेमकी तिथे फसतात आणि लाजेने कुणाला सांगत नाहीत. पैसे गेले असतील तर ओरडू नकोस, आधी सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनचा नंबर १९३० लाव आणि बँकेला कळव, त्याच तासात. लॅपटॉप नंतर बघ.