‘काका, थोडी क्वालिटी जातेच!’

माझ्या प्लेस्टेशनच्या फाइलींची पुरती वाट लावून झाल्यावर त्या मुलाने मला ऐकवलं, ‘काका, कॉम्प्रेस केलं की थोडी क्वालिटी जातेच.’ तेही समजूत घातल्यासारखं. म्हणून हे लिहायला बसलो. डिस्कवरचे गेम नीट कॉम्प्रेस केले तर काहीही जात नाही, एक बाइटसुद्धा नाही. काही गेलं असेल तर ते करणाऱ्याने घालवलेलं असतं.

डिस्क माझ्या स्वतःच्या, अस्सल. भाऊ दुबईला होता तेव्हा दर सुट्टीत एखाद-दोन घेऊन यायचा. मुंबईच्या हवेत त्यांच्यावर बुरशी धरायला लागली तेव्हा मी एकेकीची बिन-क्यू प्रत, म्हणजे बिनमध्ये सगळा माल आणि क्यूमध्ये त्याची यादी, काढून ठेवली. ड्राइव्ह भरत आला आणि माझा लॅपटॉप म्हातारा, म्हणून पैसे घेऊन अशी कामं करणाऱ्या ओळखीतल्या मुलाकडे ड्राइव्ह दिला. सगळ्याचं सीएचडी, म्हणजे कॉम्प्रेस केलेली प्रत, कर आणि मूळ फाइलींना हात लावू नकोस, असं त्याला लेखी कळवलं होतं. तो मेसेज अजून माझ्या फोनमध्ये आहे.

ड्राइव्ह परत आला तो सगळ्याचं सीएचडी होऊन. मी खूश. रात्री इम्युलेटरवर, म्हणजे प्लेस्टेशनची नक्कल करणाऱ्या प्रोग्रामवर, ‘वाइपआउट’ लावला. 1995 चा हा गेम ज्यांनी खेळलाय त्यांना त्याचं संगीत काय चीज आहे ते सांगायला नको. शर्यत सुरू झाली, इंजिनाची घरघर आली, भिंतीला घासल्याचा आवाज आला, आणि बाकी शुकशुकाट. आधी वाटलं, स्पीकर. मग वाटलं, सेटिंग. मग ‘रिज रेसर’ लावला. तिथेही तेच. तेव्हा पोटात गोळा आला.

झालं होतं असं. ‘वाइपआउट’ची डिस्क साध्या सीडी प्लेअरमध्ये घातली तर दुसऱ्या ट्रॅकपासून गाणी वाजतात. पहिल्या ट्रॅकमध्ये गेम, पुढे सरळ ऑडिओ सीडी. क्यू ही छोटीशी टेक्स्ट फाइल असते. कुठला ट्रॅक कुठे सुरू होतो ते तिच्यात लिहिलेलं असतं. या पठ्ठ्याने आधी प्रत्येक गेमचं आयएसओ केलं आणि मग त्या आयएसओचं सीएचडी. आयएसओमध्ये फक्त डेटा मावतो, सेक्टरमागे 2048 बाइट. सीडीचा पूर्ण सेक्टर 2352 बाइटचा. गाण्यांचे ट्रॅक तर गेलेच, शिवाय प्लेस्टेशनचे चित्रफितींतल्या आवाजाचे जे खास सेक्टर असतात त्यांत 2324 बाइट माल असतो, तोही छाटला गेला. म्हणजे काही गेममध्ये संगीत नाही आणि काहींत पात्रं तोंड हलवतात पण आवाजाचा पत्ता नाही. हे कॉम्प्रेशन नव्हे. सीएचडी ऑडिओ ट्रॅक फ्लॅक या काही न गमावणाऱ्या फॉरमॅटमध्ये बांधतं, डेटा वेगळ्या रीतीने, आणि उलगडलं की जसंच्या तसं परत देतं. मेम प्रकल्पाच्या लोकांनी हा फॉरमॅट काढला तोच मुळी काही गमवायचं नाही म्हणून.

त्याला फोन केला. आधी म्हणाला, ‘तुमचा इम्युलेटर जुना असेल.’ मग वरचं ते क्वालिटीचं वाक्य. मूळ बिन-क्यू कुठे आहेत विचारलं तर म्हणे, ‘जागा होत नव्हती म्हणून उडवल्या, पण काका, मी तुम्हाला हजारो गेम एक्स्ट्रा टाकून दिलेत, फ्री!’ मला नको असलेले, कुठून कुठून उतरवलेले गेम टाकायला जागा होती. माझ्या भावाने आणलेल्यांना नव्हती.

आणखी एक पराक्रम. काही पाल (युरोपीय) डिस्कवर लिबक्रिप्ट नावाचं संरक्षण असतं. ‘फायनल फँटसी 9’ त्यातलाच. त्यासाठी डिस्कच्या सबचॅनेलची माहिती लागते आणि ती एसबीआय नावाच्या चिमुकल्या फाइलीत ठेवतात. मी त्या नीट जुळवून ठेवल्या होत्या. त्याने ‘फालतू फाइली’ म्हणून साफ केल्या. असा गेम सीएचडी केला तरी त्याच नावाची एसबीआय शेजारी हवीच, नाहीतर तो पुढे जात नाही.

आता तुम्हाला सांगतो ते ऐका, आणि शक्यतो हे काम स्वतःच करा. अवघड नाही. सीएचडीमॅन हे फुकट मिळणारं साधन आहे. प्लेस्टेशन, सॅटर्न यांच्यासाठी ‘क्रिएटसीडी’ आणि त्याला द्यायची ती क्यू फाइल, बिन नव्हे. ड्रीमकास्टला जीडीआय द्या. बिनचं नाव बदललं असेल तर क्यू नोटपॅडमध्ये उघडून आतलंही नाव बदला. प्लेस्टेशन 2 च्या डीव्हीडीला ‘क्रिएटडीव्हीडी’. पण त्याचे काही गेम निळ्या बुडाच्या सीडीवर यायचे, त्यांना मात्र ‘क्रिएटसीडी’च. पीएसपीच्या आयएसओलाही ‘क्रिएटडीव्हीडी’ आणि हंकचा, म्हणजे तुकड्याचा, आकार 2048 ठेवा. सीडी समजून केलेलं सीएचडी पीपीएसएसपीपी या पीएसपीच्या इम्युलेटरमध्ये रखडतं.

झिप, सेव्हन-झिपच्या नादी लागू नका. कपाटात ठेवायला ठीक, पण खेळताना इम्युलेटरला डिस्कवर मधूनच कुठेतरी उडी मारायची असते. सीएचडी तुकड्यातुकड्यांनी बांधलेलं असल्यामुळे हवा तेवढाच तुकडा उलगडतो.

गेमक्यूबची गोष्ट वेगळी. त्याची प्रत नेहमी 1.46 जीबीची, गेम कितीही लहान असो. उरलेली जागा निरर्थक आकड्यांनी भरलेली असते आणि ते आकडे यादृच्छिक दिसत असल्याने झिप तिथे हात टेकतं. डॉल्फिन या गेमक्यूबच्या इम्युलेटरचं आरव्हीझेड ते आकडे कुठल्या सूत्राने निघाले ते ओळखून फक्त बीज साठवतं. डॉल्फिनमध्येच गेमवर राइट क्लिक करून करता येतं. कुणी ‘एनकिट’ ही छाटलेली प्रत देऊ केली तर नको म्हणा.

तीन-चार डिस्कचा गेम असेल तर एम3यू करा, म्हणजे साध्या टेक्स्ट फाइलीत ओळीने सगळ्या डिस्कची नावं. नाहीतर काही इम्युलेटरांत दुसऱ्या डिस्कला वेगळं मेमरी कार्ड मिळतं आणि आपला सेव्ह सापडत नाही.

आता तपासणी. सीएचडीमॅनचं ‘व्हेरिफाय’ फक्त सीएचडी आतून शाबूत आहे एवढंच सांगतं. मुळात चुकीची फाइल दिली असेल तर तेही आनंदाने ‘ओके’ म्हणतं. माझ्या मुक्या ‘वाइपआउट’लाही ते ओके म्हणालं! म्हणून ‘इन्फो’ देऊन ट्रॅक किती आहेत ते पाहा. किंवा ‘एक्स्ट्रॅक्टसीडी’ने परत बिन काढून मूळ फाइलीशी हॅश, म्हणजे फाइलीचा ठसा, ताडून बघा, मात्र अनेक ट्रॅकचा गेम बहुतेक वेळा एकाच बिनमध्ये बाहेर येतो, तेव्हा रीडंप या डिस्कच्या नोंदी ठेवणाऱ्या साइटवरचे ट्रॅकवार हॅश जुळले नाहीत म्हणून घाबरू नका. बॅकअप ठेवा, हे काय सांगायचं.

बऱ्याच डिस्क मी पुसून पुन्हा वाचून घेतल्या. काही आता कुठल्याच ड्राइव्हमध्ये वाचल्या जात नाहीत. पैसे परत मिळाले नाहीत आणि तो मुलगा हे काम अजूनही करतो. अशा कुणाच्या हाती ड्राइव्ह देणार असाल तर आधी त्याला क्यू फाइल कशासाठी असते ते विचारा. गडबडला तर ड्राइव्ह घेऊन घरी या.