स्टेक, बटाटा आणि शेवटची पाच मिनिटे

अर्थशास्त्राच्या पाठ्यपुस्तकात पूरक वस्तूंची उदाहरणे ठरलेली असतात : चहा आणि साखर, शाई आणि लेखणी. पाश्चात्त्यांच्या जेवणात अशीच एक जोडी आहे. स्टेक, म्हणजे तव्यावर किंवा निखाऱ्यावर भाजलेला गोमांसाचा जाड काप, आणि त्याच्या सोबतीला बटाटा. रोलाँ बार्थ या फ्रेंच विचारवंताने १९५७ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या पुस्तकात या जोडीवर एक स्वतंत्र निबंधच लिहिला आहे.

आपल्यापैकी पुष्कळांच्या घरी स्टेक होत नाही, होणारही नाही. परंतु त्याच्यासोबत कोणता बटाटा वाढावा, हा प्रश्न मुळात मर्यादित साधनांच्या वापराचा आहे. म्हणून वाणिज्याच्या विद्यार्थ्याला तो परका नाही.

पर्याय मुख्यतः चार. तळलेल्या कांड्या, म्हणजे फ्रेंच फ्राइज. उकडून लोणी-दूध घालून घोटलेला मऊ बटाटा. सालीसकट भट्टीत भाजलेला अख्खा बटाटा. आणि पातळ चकत्या दूध-सायीत मुरवून भट्टीत शिजवलेला फ्रान्समधील दोफिने प्रांताचा 'ग्रातँ'. स्टेक व बटाटा परस्परांना पूरक, तर हे चार प्रकार परस्परांना पर्यायी होत.

निवडीची पहिली कसोटी चवीची. मांसाचा काप चरबीदार असेल तर साधा भाजलेला बटाटा पुरतो. सायीचा ग्रातँ त्यावर जड होतो. काप कमी चरबीचा असेल तर लोणी घातलेला बटाटा त्याची उणीव भरून काढतो. ताटात रस्सा असेल तर घोटलेला बटाटा तो टिपून घेतो. जातही पाहावी. तळण्यास व भाजण्यास पिठूळ बटाटा चांगला, तर घट्ट गराचा उकडल्यावर आकार धरून राहतो. आपल्याकडे 'कुफरी फ्रायसोना' हे वाण खास फ्राइजसाठीच काढलेले आहे. तळायचा बटाटा फ्रिजमध्ये मात्र ठेवू नये. थंडीने त्यातील पिठाची साखर होते आणि कांड्या आतून शिजण्याआधीच काळ्या पडतात.

दुसरी कसोटी वेळेची, आणि माझ्या मते तीच निर्णायक. अडीच सेंटीमीटर जाडीचा स्टेक कडक तापलेल्या तव्यावर प्रत्येक बाजूने तीन-चार मिनिटे भाजतात. मग तो सुमारे पाच मिनिटे तसाच ठेवतात, म्हणजे कापताना रस वाहून जात नाही. त्यानंतर तो थांबत नाही. गार झाला की गेला. स्वयंपाक करणाऱ्याच्या हाती मोकळी अशी ही पाच मिनिटेच उरतात.

आता फ्राइज पाहा. त्या दोनदा तळाव्या लागतात. पहिल्यांदा सुमारे १६० अंश सेल्सियसवर आतून शिजेपर्यंत, दुसऱ्यांदा १८० ते १९० अंशांवर दोन-तीन मिनिटे, कुरकुरीत होण्यासाठी. पहिले तळण आधी उरकता येते, दुसरे आयत्या वेळीच करावे लागते. कढईत एका वेळी दोघांपुरता घाणा बसतो असे धरू. जेवणारे दोघेच असतील तर काम पाच मिनिटांत आटोपते. सहा जण असतील तर तीन घाणे, आणि दर घाण्यानंतर तेल पुन्हा तापण्याची वाट. शेवटचा घाणा निघेतो पहिला मऊ पडतो आणि स्टेकही निवतो. उलट ग्रातँ भट्टीत तासाहून अधिक वेळ घेतो, पण त्या वेळी आपले हात मोकळे असतात. आणि बाहेर काढल्यावर पंधरा मिनिटे थांबला तर त्याचे काही बिघडत नाही, उलट चकत्या नीट बसतात. घोटलेला बटाटाही गरम पाण्यावर ठेवला तर अर्धा तास तग धरतो.

मग पॅरिसच्या खानावळींतून फ्राइजच का वाढतात? कारण तेथे तव्यापाशी एक माणूस असतो आणि कढईपाशी दुसरा. हे श्रमविभाजन झाले. घरात ही दोन्ही कामे एकाच माणसावर पडतात.

म्हणून माझा निष्कर्ष असा : दोघांसाठी फ्राइज, सहांसाठी ग्रातँ किंवा भाजलेला बटाटा. बाजारच्या पावतीवर चारही पर्यायांत बटाट्याचा भाव एकच दिसेल. फ्राइजची खरी किंमत त्या पावतीवर नसते. ती शेवटच्या पाच मिनिटांत मोजावी लागते. वैकल्पिक खर्चाची व्याख्या आपण परीक्षेसाठी पाठ करतो. तो खर्च असा चुलीपाशीही भेटतो.