आठवड्याला एक फोटो

चि. मुक्ता,


प्रिंटर परत द्यावा म्हणतेस, पण माझं ऐकशील तर देऊ नकोस. तू पाठवलेला ताडोब्याचा फोटो खिडकीशी नेऊन पाहिला. बांबूच्या सावलीतली प्रत्येक करडी छटा सुटी दिसते. असं छापणाऱ्या यंत्राच्या खोडी सांभाळून घ्याव्यात, असं माझं स्पष्ट मत आहे.

नोझल तुंबण्याचं तू फारच मनाला लावून घेतलंस. तुझ्या प्रिंटरची शाई पिगमेंटची आहे. तिच्यात रंग विरघळलेला नसतो, त्याचे सूक्ष्म कण तरंगत असतात. त्यामुळेच फोटो डाय शाईच्या फोटोपेक्षा कितीतरी जास्त वर्षं टिकतो आणि त्यामुळेच ही शाई केसाहून बारीक छिद्रांत वाळली की घट्ट बसते. त्यात नागपूरचा मे महिना, हवेत ओलावा म्हणून नाही! दर आठवड्याला सगळे रंग असलेला एक फोटो छापत जा, पोस्टकार्डाएवढा पुरे. मोठं काम काढण्याआधी साध्या कागदावर नोझल चेक काढ. रेघ तुटलेली दिसली तर हेड क्लीनिंग एकदा, फार तर दोनदा कर आणि रात्रभर थांब. वाळलेली शाई मऊ पडते आणि पुष्कळदा सकाळी रेघ पूर्ण येते. तू एका बैठकीत लागोपाठ क्लीनिंग करत राहिलीस, ती सगळी महागाची शाई वेस्ट टँकमध्ये गेली. शिवाय भिंतीवरच्या बटणाने प्रिंटर बंद करू नकोस. त्याच्या स्वतःच्या बटणाने बंद केला, की हेड जागेवर जाऊन नीट झाकलं जातं. तुमच्याकडे वीज जाते-येते, तेव्हा छोटा यूपीएस घेच.

ग्लॉसी कागद तिरका धरला की काळा रंग तांबूस चमकतो, कारण पिगमेंट कागदाच्या वरच बसतं. काचेच्या फ्रेममध्ये ही चमक जवळजवळ दिसत नाही. हातात द्यायचे फोटो लस्टर कागदावर काढ. मॅट कागदाला वेगळी काळी शाई, मॅट ब्लॅक, लागते, आणि तुझ्या प्रिंटरात दोन्ही काळ्या शाया एकाच वाटेने जातात. अदलाबदलीत दर वेळी शाई वाया जाते, म्हणून मॅटची कामं साठवून एकदम उरक.

फोटो काळपट येतो, याचा दोष मात्र प्रिंटरला देऊ नकोस. तुझा मॉनिटर फार उजळ आहे. तो चौरस मीटरला १०० कँडेलाच्या आसपास आण, त्या कागदाचंच आयसीसी प्रोफाइल निवड, आणि रंगांचा निवाडा शाई वाळल्यावर, दुसऱ्या दिवशी कर.

नोझल चेकचे कागद तारीख घालून जपून ठेव. एवढं करूनही एकाच रंगाची रेघ आठवडेच्या आठवडे त्याच जागी तुटत राहिली, तर ती खोड नव्हे, बिघाड आहे. तो सोसू नकोस. वॉरंटी संपायच्या आत इंजिनिअरला बोलाव आणि ते कागद त्याच्यापुढे ठेव.

तुझा,
मामा