खुंटी सरकते, सूर उतरतो

प्रश्न : डिसेंबरपासून माझं व्हायोलिन पाच मिनिटांतच उतरतं. तारा बदलू का?

उत्तर : तारांना दोष देऊ नका. कोरड्या हवेत लाकूड आकसतं, खुंटीची पकड सुटते. पावसाळ्यात तीच फुगून अडकते. एका वेळी एकच खुंटी काढा. सगळ्या तारा एकदम सैल केल्यात तर घोडी पडेल, आतला खांबही निसटेल. खुंटीवर जिथे चकाकणारा गुळगुळीत पट्टा दिसेल, तिथे साधा पांढरा खडू हलकेच फिरवा. सूर लावताना खुंटी आत दाबतच फिरवा, खालून वर चढवत या. तरीही सरकली तर भोक झिजलंय, कारागिराकडेच न्या. राळ मात्र खुंटीला कधीच लावू नका. अशी घट्ट चिकटलेली वाद्यं माझ्याकडे येतात, तेव्हा फार हळहळ वाटते.