संत्रे : मुलांचा खाऊ आणि घरचा अभ्यास

आंबिया बहाराचा माल निघू लागला की अमरावती-नागपूर रस्त्याच्या कडेला संत्र्यांचे ढीग दिसू लागतात. वरुड-मोर्शी तर संत्र्यांचे माहेरघर. असे असूनही शाळेच्या मधल्या सुटीत आपल्या मुलांच्या हातात दिसतात ती चिप्सची पाकिटे आणि रंगीत गोड पेये. "फळे खा, तब्येतीला चांगली असतात" असे सांगून मुले फळे खात नाहीत, हा घरोघरचा अनुभव आहे. त्यापेक्षा संत्रे त्यांच्या हाती देऊन थोडा खेळ मांडावा. खेळता खेळता फळ पोटात जाते आणि गणित-विज्ञानही होते.

सुटीच्या दिवशी जेवणानंतर घरातील प्रत्येकाला एकेक संत्रे द्यावे. सोलण्यापूर्वी आत किती फोडी असतील याचा अंदाज प्रत्येकाने सांगायचा आणि लहानग्याने तो पाटीवर लिहायचा. मग सोलून मोजायच्या. बहुधा 9 ते 12 च्या दरम्यान निघतात. चौथी-पाचवीतल्या मुलाला सर्वांच्या फोडींची बेरीज करून सरासरी काढायला लावा. बियाही मोजाव्यात. पंच म्हणून आजीला बसवावे, म्हणजे भांडणे होत नाहीत.

दुसरा खेळ पाण्याचा. बादलीभर पाण्यात सालीसकट संत्रे टाकले तर ते तरंगते. तेच सोलून, फोडी सुट्या करून टाकल्या तर त्या बहुधा तळाशी जातात. वजन कमी झाले तरी बुडाले कसे, हा प्रश्न मुलांनाच सोडवू द्या, लगेच उत्तर सांगू नका. आपल्या संत्र्याची साल पोकळ, सैल असते. तिच्यात आणि तिच्या आत हवा असते, ती संत्र्याला तोलून धरते.

थोड्या मोठ्या मुलांसाठी एक प्रयोग सांगतो. तो मात्र वडीलधाऱ्यांनी सोबत बसूनच करावा. ग्लासभर पाण्यात चमचाभर थंड झालेली भाताची पेज मिसळा आणि जखमेवर लावण्याच्या आयोडीनच्या औषधाचे दोन-तीन थेंब टाका. पाणी निळे होईल. ते तीन वाट्यांत सारखे वाटून घ्या. एकीत संत्र्याचा रस, दुसरीत पेरूचा म्हणजे आपल्या जामाचा रस आणि तिसरीत बाटलीतले रंगीत पेय थेंबाथेंबाने टाकत जा. जाम कुटून त्यात पाणी घालावे लागते, म्हणून तेवढेच पाणी इतर दोन्हींतही घाला. रसातील क जीवनसत्त्वामुळे निळा रंग नाहीसा होतो. जिथे कमी थेंबांत रंग गेला, तिथे हे जीवनसत्त्व जास्त. जामात ते संत्र्याच्या चौपटीहून अधिक असते, त्यामुळे साधा जाम पहिला आला तर नवल नाही! बाटलीतल्या पेयानेही रंग गेला तर मुलांना लेबल वाचायला लावा. काही पेयांत हे जीवनसत्त्व वरून घातलेले असते. त्याच लेबलवर साखरही लिहिलेली असते. 100 मिलिलिटरला 10 ग्रॅम असेल तर 250 मिलिलिटरच्या बाटलीत 25 ग्रॅम, म्हणजे सुमारे पाच चहाचे चमचे. हे गणित मुले विसरत नाहीत. प्रयोगातले पाणी कोणी तोंडात घालू नये, लगेच ओतून द्यावे.

क जीवनसत्त्वाची गोष्टही सांगण्यासारखी आहे. 1747 साली जेम्स लिंड या इंग्रजी आरमारातील डॉक्टरने हिरड्यांतून रक्त येऊन खंगणाऱ्या 12 खलाशांच्या सहा जोड्या केल्या आणि प्रत्येक जोडीला वेगळा उपाय दिला. ज्या जोडीला रोज दोन संत्री आणि एक लिंबू मिळाले, ती सर्वांत आधी सुधारली.

आपल्या घरात हा रोग आज क्वचितच दिसतो. रक्तक्षय मात्र सर्रास आढळतो, विशेषतः वयात येणाऱ्या मुलींत. ज्वारीची भाकर, हरभरा, पालेभाजी यांतील लोह शरीरात सहजी शोषले जात नाही. जेवणाबरोबर किंवा लगेच नंतर संत्रे, जाम किंवा लिंबू असेल तर ते अधिक शोषले जाते. जेवणाला लागून घेतलेला चहा नेमके उलटे करतो. म्हणून वरचा खेळ जेवणानंतर मांडायला सांगितला. मूल फिकट दिसत असेल, लवकर दमत असेल, तर फक्त संत्र्यांवर विसंबू नये. रक्त तपासून घ्यावे आणि डॉक्टरांनी दिलेल्या लोहाच्या गोळ्या पूर्ण घ्याव्यात.

"संत्र्याने सर्दी होते" म्हणून हिवाळ्यात मुलांना फळ न देणाऱ्या माता पुष्कळ आहेत. सर्दी विषाणूंमुळे होते, संत्र्यामुळे नाही. रस काढण्यापेक्षा फोडी चावून खाणे चांगले, कारण चोथा पोट साफ ठेवतो.

ज्यांच्या घरी वावर आहे, त्यांनी मुलांना बागेत न्यावे आणि आजोबांना विचारायला लावावे : झाडाला मुद्दाम पाणी तोडून ताण का देतात? आंबियाचा फुलोरा जानेवारी-फेब्रुवारीत, मृगाचा पावसाच्या सुरुवातीला. मग फळे कोणत्या महिन्यात उतरतील? भिंतीवरच्या कॅलेंडरवर खुणा करून वर्षभर पडताळता येते. पुढे बोरे, सीताफळे, जांभळे त्यातच भरावीत.

पाच वर्षांखालील मुलांना मात्र बोर, जांभूळ, सीताफळ बी काढूनच द्यावे. बी घशात अडकून श्वास कोंडतो. सीताफळाच्या बिया फोडून खेळू देऊ नये, त्यांची पूड डोळ्यांत गेल्यास गंभीर इजा होते.