आईंच्या हातचे काम काढून घेऊ नका



पहिल्या शुक्रवारी मी आजाऱ्यांना कम्युनियन घेऊन घरोघरी जातो. एका घरी आजींना स्मृतिभ्रंश झाला आहे. डॉक्टर त्याला डिमेन्शिया म्हणतात. मध्यंतरी प्रार्थना म्हणताना त्या अडखळल्या, तेव्हा पुढचे शब्द मीच म्हणून टाकले. आजी गप्प झाल्या. पुढच्या महिन्यात मी थांबलो. जरा वेळाने त्यांनी 'नमो मरिया' एकट्याने शेवटपर्यंत म्हटली. घाई मला होती, त्यांना नव्हती.

त्याच घरातली सून फार मायाळू. 'आई, तुम्ही बसा, मी करते,' असे म्हणत तिने वाल सोलणे, कपड्यांच्या घड्या, आल्तारीवरची फुले, सारे आपल्याकडे घेतले. काही महिन्यांत आजी खुर्चीला खिळल्या. आजार वाढतो हे खरेच. पण हातचे काम गेले की उरलेली शक्तीही लवकर जाते. अल्झायमर हे डिमेन्शियाचे सर्वात मोठे कारण. त्यात बहुधा ताज्या आठवणी आधी पुसल्या जातात, हाताला लागलेल्या सवयी बऱ्याच उशिरापर्यंत टिकतात. सकाळचा चहा घेतल्याचे विसरणारी आजी म्हणूनच वाल नीट सोलू शकते.

सेमिनरीत आम्ही जॉन लॉक शिकलो. माणूस काल होता तोच आज आहे हे त्याच्या जाणिवेवरून, आठवणीवरून ठरते, असे त्याचे म्हणणे. मी परीक्षेत ते हिरिरीने मांडले होते. आज त्या आजींसमोर बसल्यावर ते पटत नाही. सिराकच्या ग्रंथाचा तिसरा अध्याय घरी जरूर वाचा. वडिलांची बुद्धी मंदावली तरी त्यांना सांभाळून घे, कमी लेखू नकोस, असे तिथे मुलाला सांगितले आहे.

विसर पडू लागला की आधी डॉक्टरांना दाखवा. बी-१२ जीवनसत्त्वाची कमतरता किंवा थायरॉईड यामुळेही विसरभोळेपणा येतो आणि त्यावर उपचार आहेत. डिमेन्शियाच असेल, तर कामाचे तुकडे करा. 'अंघोळ करून या' हे आपल्याला एक काम वाटते, त्यांच्यासाठी ती दहा कामे असतात. 'टॉवेल घ्या,' मग 'आता तांब्या घ्या,' असे एकेक सांगा. कपडे घालायच्या क्रमाने मांडून ठेवा. 'काय नेसता?' असे न विचारता दोन लुगडी पुढे धरा. रात्री संडासचा दिवा चालू ठेवा. बटण चुकीच्या काजात गेले तर जाऊ द्या, कोण पाहते? आणि 'मी कोण, सांगा पाहू?' ही परीक्षा कृपा करून घेऊ नका. पाहुणे तर हटकून घेतात!

मात्र गॅसचा रेग्युलेटर बंद ठेवा, औषधे कुलपात ठेवा. आपल्याकडे घराजवळ विहिरी आणि बावखले आहेत, तेव्हा वाडीच्या फाटकाला कडी हवीच. खिशात नाव व फोन नंबर लिहिलेला कागद असू द्या.

त्या सुनेने आता वालाची परात पुन्हा आईंपुढे ठेवली आहे. निम्मी साले दाण्यांत जातात, ती नंतर गुपचूप निवडते. तिलाही विसावा हवा. शेजारच्या भगिनींनी आठवड्यातून तासभर आजींपाशी बसावे, अशी माझी विनंती आहे. आजी रविवारी मिस्साला येतील. दानाची पिशवी समोर आली की नाणे त्यांना स्वतः टाकू द्या. वेळ लागेल. मागच्या बाकांनी थांबावे, मीही वेदीवर थांबेन.

तुमचा,
फादर