पॅड बॅगेतच राहू दे

न्यू जर्सीत आठवड्याची लीग खेळता खेळता एक लक्षात आलंय: स्कोअरवरून भांडणं कमी होतात, बॉल कशानं पुसला यावरून जास्त. आमची लीग यूएसबीसीच्या, म्हणजे युनायटेड स्टेट्स बोलिंग काँग्रेसच्या मान्यतेची. त्यामुळे 'आमच्यात चालतं' हे उत्तर चालत नाही. त्यातून गाठीशी बांधलेलं थोडंसं.

१. घासायचं ते खेळ सुरू होण्याआधी. नियम १८ सांगतो की सामना चालू असताना बॉलच्या पृष्ठभागावर घासकाम नाही. केलं तर तो बॉल त्या स्पर्धेतून बाहेर. आधीच्या सरावाच्या वेळात मात्र मोकळीक आहे. ५०० ग्रिटच्या पॅडनं बॉल खरखरीत होतो आणि लेनवर लवकर पकड घेतो. ४००० नं गुळगुळीत होऊन तेलावरून लांब घसरत जातो. फाउल लाइनपासून पहिल्या पिनपर्यंत ६० फूट, त्यातल्या साधारण चाळीसेक फुटांवर तेल. खेळ जसा पुढे सरकतो तसं ते कुठे सुकतं, कुठे पुढे ओढलं जातं, आणि वापरून वापरून बॉलही चकचकीत होतो. तिसऱ्या गेमला हात शिवशिवतात ते म्हणूनच.

आमच्या टीममधल्या पोरानं एकदा बॉल रिटर्नच्या आडोशाला करडं पॅड काढलं. "दादा, दोनच हात मारतो. कोण बघतंय?"

"समोरचा कॅप्टन बघतोय. आणि मीही."

बॉल वळायच्या आधीच पुढे निघून जात होता, एवढाच त्याचा प्रश्न. त्याला पाय दोन बोर्ड, म्हणजे लेनच्या दोन फळ्या, उजवीकडे घ्यायला लावले आणि वेग थोडा कमी करायला सांगितला. कुरकुरत केलं त्यानं. बॉल पिनांच्या खिशात जायला लागल्यावर पॅडचं नाव काढलं नाही.

२. घासलं तर पूर्ण बॉल घासा. जिथून बॉल लेनला टेकतो तेवढाच पट्टा घासायची हुशारी नियमात बसत नाही. बॉल फिरवणारं यंत्र, म्हणजे स्पिनर, नसेल तर बाजू बदलत सगळीकडून सारखं. कंटाळवाणं काम आहे, घरी करा.

३. बाटलीसुद्धा बाहेर काढायची नाही. पूर्वी मान्यताप्राप्त क्लीनर शिंपडून दर शॉटनंतर बॉल पुसणारे पुष्कळ होते. १ ऑगस्ट २०१९ पासून सामन्यादरम्यान द्रव बंद, फक्त कोरडा टॉवेल. जुनी मंडळी अजून नाकं मुरडतात. मला तरी हा बदल पटला. कुणाच्या बाटलीत नक्की काय आहे, हे लीगच्या सेक्रेटरीनं काय हुंगून ठरवायचं?

४. बॉलशी रासायनिक खेळ करणं हे काही आजचं नाही. १९७३ साली डॉन मॅक्यून यांनी प्लॅस्टिकचे बॉल मिथाइल इथाइल कीटोनमध्ये भिजवून मऊ केले, सहा किताब मारले आणि पीबीएचे, म्हणजे प्रोफेशनल बोलर्स असोसिएशनचे, वर्षाचे सर्वोत्तम खेळाडू ठरले. तेव्हा त्याला बंदी नव्हती, म्हणून त्यांना लबाड म्हणणं अन्याय आहे. कडकपणाची किमान मर्यादा त्यानंतर आली.

५. एकाच बॉलवर तीन गेम काढायचा हट्ट सोडा. एक खरखरीत, एक चकचकीत, असे दोन बॉल तयार ठेवले की लेन बदलली तरी हातातला बॉल बदलता येतो, आणि त्याला नियमाची काही हरकत नाही. बॅग जड होते, हे खरं, चाकांची घ्या.